पाठमोरी डोबू

किलकेनी
११ सप्टेंबर २०२२

नूला,

काल एडीनने मला आंटी म्हटलं.

तू फोनच्या कडेला उभी होतीस, मला तुझं कोपर दिसत होतं. तिने हात हलवला, वरचे दोन दात पडून झालेली खिंड दाखवली आणि म्हणाली, "हॅलो, आंटी ब्रोना." रागाने नाही, चुकून नाही. शाळेत नव्या बाईंना म्हणावं तसं, घोकल्यासारखं. मी काय म्हणाले ते तू ऐकलंसच. "किती छान दात!" म्हणाले. तिथे दातच नव्हते.

सहा वर्षं ती मला ममा म्हणत आली आहे. तू मॅमी, मी ममा. हे काही आपण दोघींनी बसून ठरवलं नव्हतं. अकरा महिन्यांची असताना तिनेच वाटणी केली. भूक लागली की मॅमी, पडली की ममा. आणि तुला दुबईला जाऊन जेमतेम पाच आठवडे झालेत.

तू तिथे काय सांगितलं आहेस ते मला पेगकडून कळलं. (तुझ्या आईला गुपित सांगणं म्हणजे थर्ल्सच्या चौकात भोंगा लावणं, हे चाळीस वर्षांत तुला कळलं नाही का?) तू विधवा आहेस म्हणे. नवरा मालवाहू बोटीवर होता, समुद्रात गेला. त्याला नावही दिलं आहेस, डेक्लन. वा! जो जन्मालाच आला नाही तो डेक्लन तुझा नवरा होऊ शकतो, एडीनचा बाप होऊ शकतो, वर हुतात्माही होऊ शकतो. आणि तिच्या गोवरात चार दिवस तिला मांडीवर घेऊन बसलेली मी? मी डेक्लनची बहीण का? की तुझी? मला निदान माझं नातं तरी कळव, म्हणजे पुढच्या फोनला तसा चेहरा करून बसेन.

तिला घेऊन जायला तुला माझी परवानगी लागत नव्हती, हे मला माहीत आहे. आपल्या देशाने सगळ्या जगासमोर मत देऊन आपल्याला लग्न करायला परवानगी दिली, चौकात नाच झाला, तू पोटुशी असूनही नाचलीस. पण कायद्याने दोन आया फक्त दवाखान्यातून झालेल्या मुलांना. आपण पडलो घाईच्या. तुझ्या मित्राने सायकलवरून मुरंब्याच्या बाटलीत वीर्य आणून दिलं, आणि आपल्या स्वयंपाकघरात, रेडिओ मोठा करून, आपण आपलं काम उरकलं. त्या बाटलीमुळे मी कागदावर कोणी नाही. तेव्हा किती हसलो होतो आपण.

तू मालिकेचं विचारलं होतंस. आमची कार्टून मालिका 'पुलाखालची डोबू' परदेशात विकली गेली. तुमच्या तिकडेही लागणार असं आमचा निर्माता फिनबार सांगत होता. चला, निदान एडीनला तिथे दोन आयांचं एक तरी घर दिसेल, मग ते पाणमांजरांचं का असेना. तू दाखवणार नसलीस तर टीव्ही दाखवेल.

एडीनची ममा,
ब्रोना


किलकेनी
२३ ऑक्टोबर २०२२

नूला,

तुझं पत्र मिळालं. दीड पान. त्यातलं पाऊण पान उकाड्यावर.

उरलेल्या पाऊण पानात तू लिहितेस की आंटी तू शिकवलं नाहीस. मी तुला ओळखते. तू डेक्लनसारखं खोटं बोलशील, पण असं फुटकळ बोलणार नाहीस. तू म्हणतेस, तिथे गेल्यावर दुसऱ्याच दुपारी डोबू लागली, एडीन उड्या मारत टीव्हीसमोर बसली, आणि डोबूने पुलाखालच्या त्या दुसऱ्या पाणमांजरीला हाक मारली, "आंटी!" एडीन म्हणाली, "मॅमी, हिने चुकीचं म्हटलं." पुढच्या भागात पुन्हा आंटी. त्याच्या पुढच्यात पुन्हा. चौथ्या दिवशी तिने विचारलं, "मॅमी, इथे ममाला आंटी म्हणतात का?" आणि तू म्हणालीस, "हो."

म्हणजे तू शिकवलं नाहीस. तू फक्त 'हो' म्हणालीस.

आता मालिकेचं. ते वाचून मला धक्का बसला. ते सगळं फिनबारचं काम. आमच्या गोडबोल्या निर्मात्याला तू पहिल्याच भेटीत बरोबर ओळखलं होतंस. विकताना त्याने परस्पर दुसरा आवाज भरून घेतला असणार. मी स्टोरीबोर्ड काढते, नूला. कोण कुठे उभं, कोणाचं तोंड कुठे, हे पेन्सिलीने आखून देते. पुढे तोंडात कोणते शब्द घालतात ते मला कोण विचारतं? मी त्याला चांगलं फैलावर घेतलं.

आणि अर्जाचं तू पुन्हा काढलंस. ठीक आहे. तीन वर्षं तो अर्ज खणात पडून होता, चिनी खाणावळीच्या पत्रकांखाली. जिल्हा न्यायालयात जायचं, एका माणसासमोर उभं राहायचं आणि माझ्याच मुलीची पालक होण्याची विनंती करायची. "अर्जदार आणि बालक यांचा संबंध काय" अशी एक ओळ होती त्यात, बोटभर लांबीची. मी ती भरली नाही. मला वाटायचं, विनंती केली तर त्याचा अर्थ असा होईल की आजवर मी कोणी नव्हते. तू म्हणायचीस, "ब्रोना, तुझा ताठा राहू दे बाजूला, सही कर." मी म्हणायचे, "हा भाग संपला की करते." बावन्न भाग होते.

शेवटच्या दिवशी तू म्हणालीस, "तू घरी असलीस तरी आम्हाला तुझी पाठच दिसते." टेबल खिडकीकडे तोंड करून होतं, त्याला मी काय करू? उजेड तिकडून यायचा.

हॅलोविनचा ब्रॅक केक पाठवते आहे. एडीनला चावताना सांभाळायला सांग, ज्याला निघेल त्याचं वर्षात लग्न म्हणून आत लपवलेली अंगठी दातावर बसते. अंगठी तुला निघाली तर डेक्लनला कळव.

एडीनची ममा,
ब्रोना


किलकेनी
४ डिसेंबर २०२२

नूला,

तुझा निरोप पेगने फोनवर वाचून दाखवला. "आता फोन करू नकोस, पत्र टाकू नकोस, मी सांगेपर्यंत." वाचताना ती रडत होती, आणि मधेच म्हणाली, "पण काय गं, पोरीने तोंड का फिरवलं?"

मला ते तीनदा ऐकावं लागलं, म्हणून इथे लिहून बघते. वर्गात प्रत्येकाने आपल्या आवडत्या गोष्टीबद्दल बोलायचं होतं. एडीन फळ्याजवळ गेली. वर्गाकडे पाठ केली. डोबूचं चित्र काढत काढत, फळ्याकडेच बघत मोठ्याने म्हणाली, "ही माझी ममा काढते." एक मुलगी म्हणाली, "तुझी आई तर इथेच शिकवते." एडीन, तशीच पाठमोरी, "ती मॅमी. ममा वेगळी. ममा घरी आहे." वर्ग हसला. बाईंनी ऐकलं. मुख्याध्यापिकेने तुला बोलावून घेतलं आणि तू सांगितलंस की आमच्या गावाकडे आंटीला लाडाने ममा म्हणतात. नोकरी वाचली. तुझी भीती खोटी नाही, हे मी मान्य करते. तिथे तुझी नोकरी गेली म्हणजे राहायची परवानगी गेली, घर गेलं, सगळंच गेलं.

आणि तू लिहितेस की संध्याकाळी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पण मॅमी, मी तर पाठ केली होती! पाठ केली की लोकांना आंटी ऐकू येतं."

तुला हे कळलं नाही. पेगलाही कळलं नाही. मला कळलं. फोन ठेवल्यावर मी सिंकपाशी जाऊन उभी राहिले आणि नळ सोडून ठेवला.

मागच्या पत्रात मी खोटं बोलले. त्याच्या आधीच्यातही. फिनबारने माझ्यामागे काही केलं नाही. फैलावर वगैरे कोणाला घेतलं नाही. सगळं माझ्यासमोर झालं, आणि युक्ती माझी होती.

बेकरीच्या वरच्या खोलीत बैठक होती, मालिका सुरू व्हायच्या आधी. फिनबार म्हणाला, "पोरींनो आणि पोरांनो, गोष्ट सुरेख आहे. पण दोन आया म्हटलं की अर्धं जग दार लावून घेतं. एक आई आणि एक आंटी म्हटलं की सगळी दारं उघडी. घरच्यांसाठी ममा ठेवू, बाहेरच्यांसाठी आंटी. कुणाला काही त्रास?" कुणाला काही त्रास नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते. त्या खोलीत अशा घराची मी एकटीच होते ना. मी म्हटलं, "मालिका होणार असेल तर चालेल."

मग ओठांचा प्रश्न निघाला. ममा म्हणताना डोबूचे ओठ दोनदा मिटतात. आंटी म्हणताना एकदाही मिटत नाहीत. मोठ्यांचं लक्ष नसतं, पण लहान पोरं ओठांकडेच बघत बोलायला शिकलेली असतात, त्यांना लगेच खोट कळते. दोन्ही वेळा वेगळं चित्र काढायचं तर काम दुप्पट. फिनबार पेन आपटत होता. आणि मी म्हणाले, नूला, मी म्हणाले, "तिला पाठमोरी करू. जेव्हा जेव्हा ममा म्हणायचं तेव्हा आपल्याला डोबूची पाठ दिसेल. ओठ दिसलेच नाहीत तर त्यावर काहीही चढवा."

टेबलं वाजली. फिनबारने माझ्या डोक्यावर हात ठेवला, "ही माझी हुशार पोर!" मला आनंद झाला. ते लपवत नाही. घरी येताना मी तुझ्यासाठी फुलं घेतली होती, आठवतं? तू विचारलंस कशाबद्दल, मी म्हटलं, सहज.

बावन्न भाग, एकशे अडतीस ममा. प्रत्येक वेळी मी स्वतःच्या हाताने ते पिल्लू वळवलं. कधी ती पाण्यात बघत हाक मारते, कधी बिळात शिरताना, कधी दगडावरून उडी मारताना. आपल्या देशातल्या मुलांनीही डोबूच्या तोंडून ममा निघताना पाहिलेलं नाही. एकदाही नाही. ध्वनिमुद्रणाला आवाज देणाऱ्या मुलीकडून दोन्ही म्हणवून घेतलं, आधी ममा, मग आंटी. आंटी जरा जास्त गोड आलं.

एडीन पाच वर्षांची होती तेव्हा माझ्या मांडीवर बसून बघताना तिने विचारलं होतं, "ममाला हाक मारताना डोबू आपल्याकडे का बघत नाही?" मी म्हटलं, "कारण ती तिच्या ममाकडे बघत असते." हे उत्तर मला इतकं आवडलं की पुढे एका मुलाखतीत मी तेच सांगितलं. छापून आलं. तू ते कापून फ्रिजवर लावलंस.

तिला घरची डोबू तोंडपाठ आहे. तिथे तीच डोबू, तीच पाठ, आणि ऐकू येतं आंटी. मग तिने काय निष्कर्ष काढावा? तोंड फिरवलं की आपण खरं बोलायचं आणि लोकांना खोटं ऐकू जातं. सात वर्षांच्या मुलीने माझ्यावर विश्वास ठेवला आणि भर वर्गात ते करून पाहिलं.

मला तुला दोष द्यायचा होता. फार जपून ठेवला होता मी तो.

ब्रोना


किलकेनी
१२ फेब्रुवारी २०२३

नूला,

लिहू नको म्हणालीस तरी लिहिते आहे. थर्ल्सला पेगकडे टाकते, ती येईल तेव्हा घेऊन येईल. ती वाचणार हेही गृहीत धरते. पेग, नमस्कार. चष्मा लाव.

डोबूचा दुसरा हंगाम ठरला. मी पहिल्या भागाचं पहिलं चित्र काढलं. डोबू पुलाखाली उभी, आपल्याकडे तोंड करून, अगदी जवळून, आणि म्हणते, "ममा." ओठ मिटलेले. चार दिवस लागले मला ते ओठ काढायला. सवयच नव्हती.

फिनबारच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, "हे असंच राहणार. नाहीतर दुसरी बघा."

त्याने चित्र हातात घेतलं, लांब धरलं. "सुंदर आहे गं."

"सुंदरचं सोड. पाठ फिरवणार नाही मी तिची."

"नको ना फिरवूस! कोण सांगतंय?"

मी तयारीने गेले होते, नूला. भांडायच्या वाक्यांची यादी खिशात होती. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"आता त्या सगळ्या कसरतीची गरजच नाही," तो म्हणाला. "ओठ आता संगणक बदलतो. भाषा सांग, शब्द सांग, तसे ओठ होतात. घरी समोरून ममा म्हणेल, बाहेर समोरून आंटी म्हणेल. कुणाच्या बापाला कळणार नाही. तू मोकळेपणाने काढ. तुझंच म्हणणं होतं ना, चेहरा दिसायला हवा?" मग त्याने चित्र तिथेच संगणकात घालून पडद्यावर नमुना दाखवला. माझंच चित्र, घाईघाईत हलवलेलं. डोबू माझ्याकडे बघून म्हणाली, "आंटी." ओठ एकदाही मिटले नाहीत. डोळे तेच, मी काढलेले, प्रेमाने भरलेले.

निदान पाठमोरी होती तेव्हा खोटं बोलताना तिचं तोंड तरी दिसत नव्हतं.

"काय झालं?" फिनबार म्हणाला. "आवडलं नाही? अगं, अडीच कोटी पोरं बघतील तुझं काम!"

"त्यातल्या एकीने आधीच बघितलं," मी म्हटलं.

त्याला काय समजणार? त्याने बिस्किटांची बशी पुढे सरकवली. मी पेन्सिली घेतल्या, डबी घेतली, जिना उतरले. तुला वाटेल, शेवटी ब्रोनाने कणा दाखवला. घाई करू नकोस. माझ्या जागी त्याच आठवड्यात कोणी आलं, माझ्याच हाताखालची, मीच शिकवलेली. चांगली काढते. डोबू आता समोरूनच बोलणार. मी सोडल्याने कोणाचं काही अडलं नाही.

आता मी बाजाराच्या दिवशी चौकात बसून लोकांच्या कुत्र्यांची चित्रं काढून देते. कुत्री समोर बघतात.

खणातला तो अर्ज काढला. पिवळा पडलाय. न्यायालयात चौकशी केली. कारकून बाई म्हणाली, "मूल देशात राहतं का?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "अरेरे. मग वकील लागेल, आणि वेळ. आधी यायला हवं होतं, बाई." अगदी मायेने म्हणाली. मला तिचा राग येऊ शकला नाही, म्हणून तुझा आला, मग माझा.

मी काही मागत नाही. फक्त तिला सांग की वर्गात ती चुकली नाही. चूक चित्र काढणाऱ्याची होती.

ब्रोना


किलकेनी
१६ जुलै २०२३

नूला,

सुट्टीला आलात आणि एक दुपार दिलीस, त्याबद्दल आभार. 'आभार' हा शब्द लिहायला मला किती वेळ लागला ते तुला कळणार नाही.

तुझी अट पेगने दारातच ऐकवली, मुलगी गाडीतून उतरायच्या आधी. "नूला म्हणते, आंटी म्हणेल ती, तू काही दुरुस्त करायचं नाहीस. पोर पुन्हा गोंधळली तर तिकडे नूलाचं कठीण होईल. बघ बाई, मी फक्त निरोप्या." मी म्हटलं, "कबूल." आणि मग एडीन उतरली, टिपररीची निळी-पिवळी जर्सी घालून. किलकेनीत, माझ्या दारात, हर्लिंगच्या मैदानावरच्या आमच्या हाडवैऱ्यांची, टिपररीची जर्सी! शेजारच्या म्हाताऱ्याने कुंपणावरून बघून खिडकी लावून घेतली. तू तिला मुद्दाम घातलीस. मला पाच महिन्यांत पहिल्यांदा हसू आलं.

ती उंच झाली आहे. नवे दात आले आहेत, जरा मोठे. दारात उभी राहून माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "हॅलो, आंटी ब्रोना." मी म्हटलं, "ये गं." ब्राउन ब्रेड आणि लोणी खाल्लं, तीन तुकडे. "आंटी ब्रोना, तुमच्याकडे अजून तीच मांजर आहे?" तुमच्याकडे. मी म्हटलं, "तीच आहे."

कालव्याच्या वाटेने नदीकाठी गेलो. ती पुढे, मी मागे. कधी काळी आपण तिघी जायचो त्या जागेपाशी, बांधाजवळ, ती पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. हालचाल नाही. मग म्हणाली, "ममा, पाणमांजर कुठून निघायचं? त्या दगडाच्या डावीकडून ना?"

इतकं साधं म्हणाली. मधली एक वर्षाची खिंड तिथे नसल्यासारखं.

मी पुढे झाले. मला तिचं तोंड बघायचं होतं, दुसरं काही नाही. तर ती ओरडली, "पुढे येऊ नको!"

"का गं?"

"मी मॅमीला वचन दिलंय. कोणाच्याही तोंडावर ममा म्हणायचं नाही. तुझ्यासुद्धा." पाठ तशीच. "पण तोंडावर नाही म्हटलं तर मोडत नाही. डोबूसारखं. तू इकडे आलीस तर आंटी म्हणावं लागेल."

म्हणून मी मागेच थांबले. दोन तास, नूला. ती पाण्याशी बोलत राहिली. ममा, तिथे शाळेत पोहायला शिकवतात. ममा, मॅमी आंघोळीच्या खोलीत रडते, नळ सोडून. ममा, डोबूच्या नव्या भागांची जाहिरात लागते, त्यात ती समोर बघून आंटी म्हणते, ती खोटारडी झाली, मी आता बघत नाही. ममा, तू तिला परत पाठमोरी कर ना. मी "हं" म्हणत होते. जर्सीच्या पाठीवर बारा नंबर आहे, शिवण डाव्या खांद्याशी उसवली आहे, मानेवर उन्हाने काळपट रेघ पडली आहे. मला ती पाठ आता डोळे मिटून काढता येईल.

एकदा तिने मागे हात केला. मी धरला. वळली नाही.

पाणमांजर आलं नाही. पेगची गाडी दिसली तशी ती वळली, माझ्याकडे बघितलं आणि सगळे नवे दात दाखवून म्हणाली, "थँक यू, आंटी ब्रोना." अगदी खणखणीत, पेगला ऐकू जाईल असं. आणि मग डोळा मारला. दोन्ही डोळे मिटतात तिचे, एक मिटता येत नाही अजून.

तू तिला वचन घालून गप्प केलंस असं मला म्हणायचं होतं, पण गप्प राहायचं कसं आणि बोलायचं कुठे हे तिने माझ्याकडून घेतलं आहे. तुझ्याकडून भीती घेतली, माझ्याकडून युक्ती. दोन आयांचं लेकरू, नाही म्हणायला कोणाची हिंमत आहे?

एक सांगते. ती मोठी होईल. पाठ फिरवून खरं बोलायची तिला सवय लागेल, आणि एक दिवस कोणीतरी तिच्या तोंडाकडे बघून तिला विचारेल, तेव्हा तिच्याकडे फक्त आंटी असेल. तो दिवस यायच्या आत तिला त्या वचनातून सोडव. मला मी आहे तिथे मागेच ठेव, पुन्हा अशी दुपार देऊ नकोस, हवं तर आयुष्यभर आंटी राहीन. पण तिला समोर बघून बोलू दे. आपल्या दोघींपैकी एकीने तरी तिला तेवढं द्यायला हवं, आणि माझ्या हातात आता ते नाही.

यापुढे तिला पत्र टाकायचं तर सही कशी करायची हेही तू पेगबरोबर कळवलं आहेस. तशीच करते आहे. टपाल कोणाच्याही हातात पडलं तरी हरकत नाही.

हे पान उलटू नकोस, नूला. मागची बाजू, पानाची पाठ, एडीनची आहे.

तुमची,
आंटी ब्रोना